चौथी गोळी आणि वाजवी संशय

दिल्लीच्या लाल किल्ल्यात १० फेब्रुवारी १९४९ रोजी विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी गांधी-खून खटल्याचा निकाल दिला. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी, पाच जणांना जन्मठेप, आणि विनायक दामोदर सावरकर निर्दोष. पुण्यात शस्त्र भांडार चालवणारा माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे न्यायाधीशांना एकंदरीत विश्वासार्ह वाटला होता. तरीही त्याचा शब्द इतरांविरुद्ध चालला आणि सावरकरांविरुद्ध चालला नाही. हे असं कसं, हा प्रश्न मला कुंडलच्या पारावर जितक्या वेळा विचारला गेला असेल तितका सांगलीच्या बाररूममध्ये कुणी विचारलेला नाही.

गाव माझं कुंडल, वकिली फौजदारी. कुंडलकरांना या खटल्याचं कुतूहल असणं साहजिक आहे. गाव औंध संस्थानातलं. १९३९ साली औंधच्या राजेसाहेबांनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि गावपंचायतीच्या हाती न्यायनिवाडाही आला. पुढे नाना पाटलांचं प्रतिसरकार आलं, जी. डी. बापू लाडांची तुफान सेना इथंच उभी राहिली आणि त्यांच्या न्यायमंडळांनी गावोगावचे तंटे तोडले. साक्षीपुरावा म्हणजे काय, हे आमच्या आजोबांच्या पिढीने काळा कोट न घालता पाहिलं होतं. आणि ३० जानेवारी १९४८ नंतर काही दिवसांतच शेजारचा किर्लोस्करवाडीचा कारखाना जमावाने पेटवला. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी गावांत ब्राह्मणांची घरं जळाली. खून दिल्लीत झाला, आग इकडे लागली. त्या जमावापुढे साक्षीदार नव्हता, उलटतपासणी नव्हती. आडनाव हाच पुरावा होता.

आता बडगेकडे वळू. त्याची साक्ष अशी : १७ जानेवारीला तो गोडसे आणि आपट्यांबरोबर दादरच्या सावरकर सदनात गेला. तो खाली थांबला, ते दोघे वर गेले. पाच-दहा मिनिटांनी ते उतरले, पाठोपाठ सावरकर आले आणि म्हणाले, ‘यशस्वी होऊन या.’ सरकार पक्षाच्या हातात सावरकरांविरुद्ध जे होतं त्याचा गाभा एवढाच.

माफीचा साक्षीदार हा स्वतः गुन्ह्यातला भागीदार. आपली मान सोडवून घेण्यासाठी तो दुसऱ्याची पुढे करणार नाही कशावरून? म्हणून १८७२ च्या पुरावा कायद्यात दोन कलमं शेजारी ठेवून वाचावी लागत. कलम १३३ म्हणायचं, अशा साक्षीवर शिक्षा दिली तर ती बेकायदेशीर नाही. कलम ११४ चं एक उदाहरण म्हणायचं, महत्त्वाच्या तपशिलात दुजोरा मिळाल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नये. कोर्टांनी दुसरंच पाळलं, आणि २०२३ च्या साक्ष्य अधिनियमाने कलम १३८ मध्ये दुजोऱ्याची अट सरळ लिहूनच टाकली.

इतरांबाबत दुजोरा भरपूर होता. गोडसे आणि आपटे खोट्या नावांनी विमानाने दिल्लीला गेले. मरिना हॉटेलात त्यांनी देशपांडे नावाने खोली घेतली आणि २० जानेवारीला बिर्ला हाऊसमध्ये स्फोट झाल्यावर घाईने पळाले. धोब्याकडे दिलेले कपडे मागेच राहिले, त्यांवर खुणेची अक्षरं होती, ‘एन. व्ही. जी.’ हॉटेलच्या नोंदवहीतलं नाव खोटं ठरवायला तेवढी तीन अक्षरं पुरली. असा मुद्देमाल हाती असला की साक्षीदार कसा का असेना, वकिलाला झोप लागते.

सावरकरांबाबत दुजोरा कुठवर पोचला? अभिनेत्री शांताबाई मोडकांनी १४ तारखेला त्या दोघांना आपल्या गाडीतून सदनाजवळ सोडलं, टॅक्सीवाल्या कोटियनने १७ तारखेची फेरी सांगितली. दोन्ही साक्षी फाटकापाशी संपतात. तळमजल्यावर सावरकरांचे सचिव दामले आणि भिडेही राहत होते. भेट कुणाची झाली आणि सावरकर काय म्हणाले, हे सांगायला बडगेखेरीज कुणी नव्हतं. न्यायाधीशांनी तिथेच हात आखडला. सरकारने त्या सुटकेविरुद्ध अपील केलं नाही.

वीस वर्षांनी, १९६९ साली, न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या चौकशी आयोगाने मात्र सावरकर आणि त्यांच्या गटाने कट केला याखेरीज दुसरं अनुमान टिकत नाही, असा निष्कर्ष काढला. आयोगापुढे दामले आणि सावरकरांचे अंगरक्षक अप्पा कासार यांनी मार्च १९४८ मध्ये पोलिसांना दिलेले जबाब होते. ते दोघे लाल किल्ल्यात साक्षीला आलेच नव्हते.

एकदा कुंडलात हे सांगत होतो तर मागून आवाज आला, “वकीलसाहेब, पोलिसाला सांगितलेलं कोर्टात का चालत न्हाई? खोटं असतंय व्हय?” खोटंच असतं असं नाही. पण पोलिसाने लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, शपथ नसते, आणि मुख्य म्हणजे आरोपीच्या वकिलाने त्याला एकही प्रश्न विचारलेला नसतो. कपूर आयोगाचा अहवाल आला तेव्हा सावरकर जाऊन तीन वर्षं झाली होती. आयोग अनुमान काढू शकतो, शिक्षा देऊ शकत नाही. सावरकरांचे चाहते अहवाल बाजूला सारतात आणि विरोधक निकालपत्र. दोन्ही कागद एकदम टेबलावर ठेवायची तयारी फार थोड्यांची.

मला स्वतःला ग्वाल्हेरच्या डॉ. दत्तात्रय परचुऱ्यांचं प्रकरण जास्त शिकवून जातं, पण त्यावर कुणी भांडत नाही. ज्या बेरेटा पिस्तुलातून गोळ्या सुटल्या ते मिळवून दिल्याबद्दल त्यांना जन्मठेप झाली. आधार मुख्यतः त्यांचाच कबुलीजबाब, जो त्यांनी पुढे नाकारला. सिमल्याला भंडारी, अच्छरुराम आणि खोसला या न्यायमूर्तींपुढे अपील चाललं. २१ जून १९४९ ला परचुरे सुटले, कारण तो कबुलीजबाब कोर्टाला भरवशाचा वाटला नाही. बडगेचा नोकर शंकर किस्तय्याही सुटला. त्याच निकालाने गोडसे-आपट्यांची फाशी कायम झाली. देशभर संताप असताना तीन न्यायाधीशांनी एकेका आरोपीचा पुरावा वेगळा चाळला, याला मी छाती म्हणतो.

आणि चौथी गोळी? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका आली. फिर्यादीत तीन गोळ्या, काही वर्तमानपत्रांत चार. पिस्तुलात सात काडतुसं मावतात आणि चार शिल्लक सापडली, मग चौथी जखम दुसऱ्या कुणाच्या पिस्तुलाची, असा युक्तिवाद. न्यायालयाने अमरेंद्र शरण यांना कागदपत्रं तपासायला नेमलं आणि २८ मार्च २०१८ ला याचिका फेटाळली.

जत्रेतल्या गोळीबाराच्या खटल्यात पाच साक्षीदार पाच आकडे सांगतात, हे कुठल्याही फौजदारी वकिलाला विचारा. म्हणून गोळीबार झालाच नाही असं होत नाही. संशयाला पत्ता लागतो. ‘हा कबुलीजबाब’, ‘ही वरच्या मजल्यावरची पाच मिनिटं’ असं बोट ठेवता आलं पाहिजे. परचुऱ्यांच्या संशयाला पत्ता होता. चौथ्या गोळीला ना गोळी आहे, ना पिस्तूल, ना झाडणारा. शिवाय गोळी झाडल्याचं गोडसेने स्वतः कधी नाकारलं नाही. अपिलात तो भांडला तो कट नव्हता एवढ्यासाठी.

“मग सावरकर दोषी का निर्दोष, एक सांगा की,” हा प्रश्न शेवटी येतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे. कोर्टापुढे आलेल्या पुराव्यावर सुटका बरोबर होती. कासार आणि दामल्यांना पिंजऱ्यात उभं केलं नाही, ही सरकार पक्षाची मोठी कसूर. त्यांची उलटतपासणी झाली असती तर निकाल कुठल्या बाजूला गेला असता, हे आज कुणीही छातीठोक सांगू नये, आणि मीही सांगणार नाही.