उष्ट्या हाताच्या गप्पा

शिबिरासाठी जागा बघायला जाताना बाईंनी मला बरोबर घेतलं, ते मालकाशी फोनवर बोलायला कुणीतरी हवं म्हणून. मावळातलं शेतघर होतं. मालक हौसेने नदी दाखवत होता, हुरड्याची शेकोटी कुठे पेटते ते सांगत होता. बाईंचं लक्ष वर. त्यांनी हॉलमधल्या ट्यूबलाइट मोजल्या, मग मधले खांब मोजले आणि नाराज झाल्या. खांबाआड बसलेल्या माणसाचे हात दिसत नाहीत, म्हणजे तो बोलला तरी न बोलल्यासारखा. जेवणाची लांबलचक टेबलंही त्यांना नकोत, गोल हवीत. वीज किती वेळ जाते, हा प्रश्न त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारायला लावला. आपली वीज गेली तर आपण अंधारातही भुताच्या गोष्टी सांगतो. त्यांच्या मैफलीत वीज गेली की संभाषणच संपलं. पावसाळी सहल त्यांनी आधीच बाद केली होती. मावळातलं धुकं कवितेला ठीक.

बाई कर्णबधिर आहेत आणि पुण्यात आम्हा ऐकणाऱ्यांना भारतीय सांकेतिक भाषा शिकवतात. वर्गात विशेष शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुली आहेत, भाच्याशी बोलता यावं म्हणून येणारा बँकेतला एक मामा आहे, आणि हौस म्हणून आलेली माझ्यासारखी पिकलेली पानंही. अमेरिकेत या भाषेचे शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन शनिवार-रविवार तोंड बंद ठेवून राहतात, ही तिथली चांगली मुरलेली प्रथा. बाईंनी तेच आपल्याकडे आणायचं ठरवलं. नियम एकच : फाटकाच्या आत आवाज नाही. तोंडून शब्द निघाला की दहा रुपये, चहाच्या डब्यात.

आता बाईंना ऐकू येत नाही, मग चोर पकडणार कोण? शनिवारी सकाळीच एका मुलीचा अंगठा पायरीला ठेचला आणि ती "आई गं!" म्हणाली. बाई पाठमोऱ्या होत्या. पण समोरच्या सगळ्यांच्या माना एकदम त्या मुलीकडे वळल्या, आणि त्या माना बाईंना दिसल्या. डबा पुढे आला. आईचं नाव घेतलं तर सूट हवी, असं मला वाटलं. ते खुणेनं मांडण्याइतकी माझी तयारी नव्हती, त्यामुळे अपील बारगळलं.

मौनाचं शिबिर म्हणावं तर शांतता औषधालाही नव्हती. कुणाचं लक्ष वेधायचं तर खांद्यावर थाप, लांब असेल तर टेबलावर दणका, सगळ्यांचं हवं तर दिव्याचं बटण खालीवर. शिवाय हसणं आवाजातच धरलेलं नाही. ते नियमातून कसं सुटलं कोण जाणे, पण बरं झालं.

खरी परीक्षा पंगतीला झाली. आपली ही भाषा बऱ्याच खुणांना दोन्ही हात मागते. इंग्रजी अक्षरं बोटांनी लिहायची झाली तरी दोन हातांचा खेळ. आणि पानात पिठलं-भाकरी. उजवा हात पिठल्यात बुडालेला असताना माणसानं करायचं काय? आमच्यातले निम्मे गप्प बसून जेवले, उरलेल्यांनी हात वर धरून गप्पा मारल्या आणि त्यांचं पिठलं निवलं. दुपारी बाईंनी बोलावलेली कर्णबधिर पाहुणेमंडळी मात्र आरामात होती. एक आजोबा डाव्या हाताने बोलत होते. दुसऱ्या हाताची गरज पडली की उजव्याचं मनगट नुसतं पुढे करायचे. अर्धी खूण टाकून द्यायचे, समोरच्याला ती पुरायची. घास तोंडात असतानाही वाक्य चालू. तोंडात घास असताना बोलू नये हा आपला संस्कार तिथे गैरलागूच. माणसाकडे बोट दाखवू नये हाही; ‘मी’, ‘तू’, ‘तो’ म्हणायचं तर बोटच दाखवावं लागतं. वाटाण्याची उसळ वाढणाऱ्या काकूंकडे मी पहिल्यांदा बोट रोखलं तेव्हा माझी आजी आठवून हात थरथरला.

वर्गात आम्ही शिकलो होतो, की प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो आणि हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारायचा. खुणा पाठ होत्या, पण चेहरा आमचा पुतळ्याचा. आजोबांनी मला काही विचारलं, मी उत्तर देऊन उलट त्यांना प्रश्न केला, त्यांनी माझ्या भुवयांकडे बोट दाखवून मान हलवली. भुवई हलली नाही तर प्रश्न झालाच नाही.

हे आजोबा ज्या शाळेत शिकले तिथे खुणा केल्या की छडी बसायची, तीही हातावरच. ती छडी फार लांबून आलेली. 1880 साली इटलीत मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शिक्षण तोंडी बोलण्यातूनच द्यावं असा ठराव झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकणारे. जगभरच्या शाळांतून खुणा हद्दपार होऊ लागल्या. त्या परिषदेच्या परंपरेतल्याच व्हँकूव्हरच्या परिषदेने 2010 मध्ये खेद व्यक्त केला. मधली एकशेतीस वर्षं मुलं काय करत होती? आजोबांनी करून दाखवलं : दिवसा वर्गात हात मांडीखाली, रात्री वसतिगृहात दिव्याखाली मोकळे. शिक्षकांनी न शिकवलेली भाषा अशी मोठ्या मुलांकडून धाकट्यांकडे गेली. म्हणूनच शाळेगणिक खुणा थोड्या वेगळ्या. आजोबांची एक खूण मुंबईहून आलेल्या ताईंना मान्य नव्हती, आणि त्यावर दोघांची जी जुंपली ती बघताना आमचा चहा गार झाला. दिल्लीत 2015 साली या भाषेचं राष्ट्रीय केंद्र स्थापन झालं. 2018 मध्ये तीन हजार शब्दांचा कोश आला, 2021 पर्यंत तो दहा हजारांवर पोचला. कोश हवाच. पण या भांडणाची चव त्यात कुठून येणार?

रात्री बारसं झालं. या समाजात तुमचं खुणेचं नाव तुम्ही ठेवायचं नसतं, त्यांनी द्यायचं असतं. आणि ते दिसेल त्यावरून देतात, भीड न धरता. सारखा चष्मा वर सरकवणाऱ्या मुलीला ती लकबच नाव म्हणून मिळाली. बँकेतल्या मामांना टक्कल. मामा क्षणभर ओशाळले, मग स्वतःच डोक्यावरून हात फिरवून आपली ओळख करून देत फिरले. मला हनुवटीवरचा तीळ मिळाला. अपमान, असलाच तर, पुणेकराला नवा नाही.

रविवारी संध्याकाळी निघायची वेळ. उंबऱ्यावरच्या गप्पा आपल्याकडेही लांबतात, पण इथल्या निरोपाला तोड नाही. पुढची भेट कधी होईल आणि तिथे आपल्या भाषेत बोलणारं कुणी असेल का, याची खात्री नसलेली माणसं सहजासहजी पाय काढत नाहीत. बाहेर मिनीबसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने डिपर मारला. एकदा, दोनदा. अंगणातली सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. बाईंनी पाच बोटं दाखवली आणि पुन्हा आजोबांकडे वळल्या. ड्रायव्हरने मग गाडी बंद केली, खाली उतरला आणि कठड्यावर बसून तंबाखू मळायला घेतली.