नवोदयचा फॉर्म

"तू, तू आणि तू. उद्यापासून शाळा सुटल्यावर थांबायचं." आमच्या जिल्हा परिषद शाळेत नवोदयच्या परीक्षेची निवड एवढ्यात आटपायची. गुरुजींनी बोट दाखवलं की पाचवीतली चार-पाच पोरं रडकुंडीला यायची, कारण संध्याकाळचं खेळणं बंद. आईवडिलांना विचारायची पद्धतच नव्हती. सरकार पोराला सहावी ते बारावी फुकट ठेवून घेतं, जेवण, गणवेश, पुस्तकांसकट, हे कळल्यावर बापाला आनंद होण्याऐवजी संशय यायचा. बदल्यात काय मागणार?

या शाळांचा श्रीगणेशा निम्मा आपल्याकडचा. १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं अमरावतीला. खेड्यातल्या हुशार पोराला चांगली शाळा मिळावी हा हेतू, म्हणून किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागाला. परीक्षा जन्मात एकदाच, आणि तीही अशी की घरी पुस्तक नसलेल्या पोरालाही जमावी. म्हणून चित्रांवर भर. चार आकृत्यांतली वेगळी कोणती, आरशात कशी दिसेल, घडी घातलेल्या कागदाला भोक पाडून तो उलगडला तर भोकं कुठे येतील.

त्या घडीच्या प्रश्नाला गुरुजींकडे एकच औषध होतं. जुनं वर्तमानपत्र दुमडायचं, कर्कटकाने भोक पाडायचं आणि उलगडायच्या आधी प्रत्येकाकडून वहीत उत्तर काढून घ्यायचं. चुकलं की कागद नाकासमोर धरायचे, वर चापटी. आमच्यात एक मुलगी होती, पाढ्यांशी तिचं कायम वाकडं, वर्गात तोंड उघडायची नाही. पण कागद दुमडला की सगळ्यांच्या आधी तिची भोकं वहीत बरोबर पडलेली. गुरुजी दोनदा तिच्या घरी जाऊन आले. मुलींसाठी एक तृतीयांश जागा राखीव असतात, हेही सांगून झालं. 'पोरगी एवढ्या लांब ठेवायची नाही', म्हणून तिचा फॉर्म गेलाच नाही. तेव्हाच्या गोष्टी आठवून गळा काढणाऱ्यांनी (मीही त्यांतलाच) हे सोयीस्करपणे विसरू नये.

माझा पुतण्या यंदा पाचवीत आहे. त्याची नवोदयच्या क्लासची बॅच तिसरीतच लागली. परीक्षा म्हणजे ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यांतले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे. दर रविवारी सराव चाचणी असते, ओएमआरवर गोळे रंगवतात आणि संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुण येऊन पडतात. मी हौसेने वर्तमानपत्र घेऊन त्याच्यापुढे बसलो. "कागद कशाला, काका? घड्या दोन, भोक एक, म्हणजे भोकं चार. चार नाहीत ते पर्याय काटायचे." उत्तर बरोबर होतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. न शिकवलेलं पोर शोधायला काढलेला प्रश्न तीन वर्षं शिकवून पाठ करून घेतला, तर तो नक्की कोणाला शोधतो?

ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ग्रामीण शाळेत झालेली असावी लागते. त्यावरही तोड निघाली आहे. नाव गावच्या पटावर, पोरगं दिवसभर तालुक्याच्या क्लासात. निकालानंतर चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर क्लासवाल्यांचा फोटो पोरापेक्षा मोठा. गुरुजींनी आमची चाचणी घेतली ती शाळेच्या पायरीवर, आणि बक्षीस एक भिजलेली शेंगदाण्याची पुडी.

फॉर्म आता ऑनलाइन निघतो, मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र जोडून बाप स्वतःच भरतो. गुरुजींचं बोट जिच्याकडे वळलं नाही, तिचाही फॉर्म जातो. हे मात्र आमच्या वेळी असायला हवं होतं. पुतण्याच्या बॅचमध्ये मुली निम्म्याहून जास्त आहेत. त्यांतल्या एकीच्या वडिलांनी परवा मला थांबवून विचारलं, "नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात म्हणे, खरं का?" खरं आहे, म्हटलं. आता हा माणूस फॉर्म मागे घेणार, अशी माझी खात्री झाली.

"मग हिंदी जरा आत्तापासूनच पक्कं करून घेतो," म्हणाले.