पेटीसकट माउझर

जुन्या पिस्तुलांच्या बाजारात लोक आधी नळी बघतात, घोडा बघतात. मी आधी पेटी मागतो. माउझर कंपनीच्या १८९६च्या पिस्तुलाबरोबर अक्रोडाच्या लाकडाची एक पोकळ पेटी मिळायची. एरवी पिस्तूल तिच्यात ठेवून ती कमरेला अडकवायची. लांबचा नेम धरायचा झाला, की पेटीच्या निमुळत्या टोकाची लोखंडी जीभ मुठीमागच्या खाचेत सरकवायची. खट्‌ आवाज येतो आणि पिस्तुलाची खांद्याला लावायची आखूड बंदूक होते.

माउझर हे नाव मला शाळेत असताना क्रांतिकारकांच्या पुस्तकांतून कळलं. २६ ऑगस्ट १९१४ला कलकत्त्यात शस्त्रं विकणाऱ्या रॉडा कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र जकातीतून माल सोडवायला गेला. गोदामाकडे निघालेल्या बैलगाड्यांपैकी एक तिथे पोचलीच नाही, क्रांतिकारकांनी ती पळवली. तिच्यात ५० माउझर आणि ४६,००० काडतुसं होती. पुढच्याच वर्षी ओडिशात बालासोरजवळ बंगाली क्रांतिकारक बाघा जतीन आणि त्यांचे साथीदार माउझर घेऊनच पोलिसांशी लढले.

कॉलेजात रौलट समितीचा, म्हणजे क्रांतिकारकांच्या चळवळीची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचा, अहवाल हाती आला. पेटी मुठीला जोडली की हे पिस्तूल रायफलसारखं खांद्यावरून चालवता येतं, याची सरकारनं त्यात मुद्दाम नोंद केली आहे. आणखी एक गोष्ट तिथेच कळली. प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि कंपनीच्या वहीत ते सगळे क्रमांक उतरवलेले होते. त्यामुळे पुढे पिस्तूल कुठेही सापडलं, तरी ते त्या गाडीतलंच आहे हे सिद्ध व्हायचं. क्रमांकाचं वेड मला लागलं ते तिथून.

नोकरीसाठी अमेरिकेत आलो आणि वाचलेली वस्तू हातात घेता आली. इथे १९३४च्या कायद्यानं पिस्तुलाला खांद्याचा दस्ता जोडला, की ते आखूड नळीची रायफल ठरतं आणि त्याची वेगळी नोंदणी करावी लागते. मूळ पेटी असलेल्या काही जुन्या माउझरना मात्र संग्राह्य वस्तू म्हणून सूट आहे. ही सूट मला फार शहाणपणाची वाटते. नाहीतर कायद्याच्या धाकानंच किती जोड्या फुटल्या असत्या!

तशाही त्या फुटतातच. पिस्तूल एका वारसाकडे जातं आणि पेटी माळ्यावर राहते. माझ्याकडे १९१६च्या जर्मन लष्करी मागणीतलं एक माउझर आहे. ते ९ मिलिमीटरचं असल्यामुळे चुकीची काडतुसं भरली जाऊ नयेत म्हणून मुठीवर मोठा ९ कोरून लाल रंगवलेला आहे. त्याच्या पेटीचं झाकण उघडलं की आत जुन्या तेलानं काळवंडलेलं लाकूड दिसतं. बिजागरीशेजारी एक चीर आहे, कुणीतरी कधीतरी ती सरसानं भरलेली. जिभेच्या लोखंडावरचा क्रमांक बोटाला लागतो आणि तो नळीवरच्या क्रमांकाशी जुळतो. लाकूड घासून चकचकीत करणाऱ्यांचा मला राग येतो. ती चीर, ते पोचे हीच तर त्या पेटीची कागदपत्रं! क्रमांक नव्यानं ठोकून खोटी जोडी विकणारे तर इतिहासच बिघडवतात.

जर्मन तोफखान्याच्या लुगर पिस्तुलालाही दस्ता असतो, पण ती नुसती सपाट फळी. पिस्तूल वेगळ्या चामडी म्यानात जातं. माउझरच्या पेटीत म्यान आणि दस्ता एकच, आणि ही कल्पना मला आजही थक्क करते. तिच्याच जोरावर कारखान्यानं काही माउझरच्या माशीमागच्या पट्टीवर १००० मीटरपर्यंतचे आकडे कोरले. तो आत्मविश्वास जरा जास्तच होता.

माउझरचा एक धागा माझ्या मुंबईशीही जुळतो. विन्स्टन चर्चिल १८९६ साली मुंबईच्या ससून डॉकवर उतरले. लाटेनं होडी खाली गेली, हात पायरीजवळच्या कडीत राहिला आणि खांदा निखळला. तो पुन्हा निखळेल या धास्तीनं १८९८ला सुदानमध्ये ओमदुर्मानच्या लढाईत घोडदळाच्या हल्ल्यात त्यांनी तलवारीऐवजी माउझर हातात घेतलं. मी कुलाब्यात वाढलो, ससून डॉक घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. हे मला तिथे असताना कुणी सांगितलं नाही, इकडे येऊन समजलं.

मुलीला यात फारसा रस नाही आणि त्याची मला तक्रारही नाही. तिला मी लिहून दिलंय: विकायचं तर खुशाल विक, पण पिस्तूल आणि पेटी एकाच गिऱ्हाइकाला दे. जोडी निम्म्या किमतीत द्यावी लागली तरी चालेल.