तीन मिनिटांचं गाणं

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवर लिहिताना अनेकदा हळहळ उमटते: एवढा थोर गवई आणि जेमतेम सव्वातीन मिनिटं! ही हळहळ मला पटत नाही. ख्यालाला सावकाश बढत लागते, हा आक्षेप खराच. विलंबित तबकडीत मावत नाही. पण खाँसाहेबांनी मैफलीचा तुकडा कापून दिलेला नाही. त्यांची झिंझोटी ऐकताना जाणवतं, की वेळ थोडा आहे म्हणून घाई केलेली नाही. पसारा टाळून थेट स्वराच्या आर्ततेपाशी ते जातात. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवीही साडेतीन मिनिटांचीच, आणि तिच्यात काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. तेव्हा या तबकड्या स्वतंत्र रचना म्हणूनच जोखायला हव्यात.

खरखर पुसून काढलेल्या आवृत्त्यांचं मात्र मला भय वाटतं. तिच्याबरोबर आवाजाच्या कडाही झिजतात. वेगाचा प्रश्न आणखी अवघड. तबकडी जरा जलद फिरली तरी पट्टी चढते, आवाज कोवळा भासतो. खाँसाहेबांचा स्वर मुळातच उंच. त्यातलं यंत्राचं किती, हे तपासल्याशिवाय त्या आवाजाच्या जातीवर मी लिहू धजत नाही.