समुद्राचे कूळ

मोहालीच्या सेक्टर ६७ मधील आमच्या बिऱ्हाडी, नायगावहून भगिनीने धाडलेल्या सुक्या जवळ्याची पुडी मी सोडली मात्र, शेजारच्या बीजींनी भिंतीपलीकडून गॅसची नळी तपासण्याची सूचना केली. त्यांचा इलाज नव्हता. परंतु मला त्या दर्पातून जे दिसू लागले, ती नागल्याची खाडी होती, आणि तिच्या काठी छत्री टेकून उभे असलेले मामा.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा बहुतेक विस्तार बोरिवली-ठाण्याच्या डोंगरांत. घोडबंदर रस्त्याने तोडलेला नागल्याचा तुकडा मात्र उत्तरेस थेट वसईच्या खाडीला भिडतो. साग, ऐन, कुडा यांच्या सावलीतून, आठ वर्षांतून एकदाच फुलणाऱ्या कारवीच्या काटक्या अंगास घासत उतरत गेले, की वाट तिवरांच्या चिखलाशी येऊन संपते. मी हर्षभराने 'समुद्र!' म्हणून ओरडलो, तेव्हा महसूल खात्यात अव्वल कारकून असलेले मामा दप्तरी स्वरात म्हणाले, "अरे, खाडी हे समुद्राचे कूळ. सहा तास वहिवाट, सहा तास बेदखल." आणि भरती लागेपर्यंत त्यांनी शिदोरी सोडू दिली नाही. त्या दशम्यांचा राग माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही.

भुकेल्या भाच्यास इतिहास पाजल्यावाचून मामांना चैन पडत नसे. हा सारा मुलूख फिरंग्यांचा. १७३७ साली चिमाजी अप्पांनी मोहीम काढली, १७३९ च्या मे महिन्यात वसई शरण आली, फिरंगी कुटुंबकबिल्यासह सन्मानाने बाहेर पडले, आणि त्यांच्या घंटा मेणवली, भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर अशा ठिकाणी टांगल्या गेल्या. भाच्याचे लक्ष फडक्याच्या गाठीवर.

इकडे पाणी म्हणजे चंदीगडचे सुखना, १९५८ साली ओढ्यास बांध घालून केलेले. सुरेख, परंतु ओहोटी ठाऊक नसलेले. तेथे फेऱ्या घालताना नगराचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्ब्युझिएविषयी माझ्या मनात एक अकारण आकस उत्पन्न होतो. आम्हांस तळे देऊन या गृहस्थाने समुद्र आपल्याकडे ठेवला! फ्रान्सच्या दक्षिणेस, काप मार्तां येथे भूमध्य समुद्राच्या काठी त्याने पावणेचार मीटरही लांबीरुंदी नसलेली एक लाकडी खोली १९५२ साली बांधली, पुढे उन्हाळे तिथे काढले, आणि २७ ऑगस्ट १९६५ रोजी त्याच पाण्यात पोहताना देह ठेवला. खोलीवरून जाणाऱ्या किनाऱ्याच्या पायवाटेस आज त्याचे नाव आहे. पूर्वी ती चोरटा माल धरणाऱ्या जकात-शिपायांच्या गस्तीची वाट होती. मामा हयात असते, तर आराखडा, खोली, मृत्यू हे सर्व बाजूस सारून, जकातीचा दर काय होता, एवढेच त्यांनी विचारले असते.