आजींचं बोट आणि पोर्ट १११००

सेलू तालुक्यात माझं ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, पीएम किसानची केवायसी, दाखले, झेरॉक्स. कॉम्प्युटर एकच; पण त्याला प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, माउस आणि अंगठ्याच्या दोन मशिनी, एक जुनी नि एक नवी, असा गोतावळा. यातली प्रत्येक वस्तू घेतली तेव्हा तिच्यासोबत सॉफ्टवेअर आलं, आणि वस्तू मोडीत गेली तरी सॉफ्टवेअर तिथंच राहिलं.

जुलैत विम्याची शेवटची तारीख जवळ आली की आमच्याकडे लाइट हमखास जाते. ती परत आली की कॉम्प्युटर सुरू होतो, डेस्कटॉप दिसतो, आणि मग काहीच होत नाही. बाकावरची माणसं विचारतात, "काहो भाऊ, होऊन रायलं का?" टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. वर्ध्याच्या मेकॅनिकनं नवीन मशीन घ्यायला सांगितलं. सल्ला चूक नव्हता, पण तेवढ्या पैशात घरी बियाण्याच्या बॅगा येतात.

स्टार्टअपची यादी मी आधीच रिकामी केली होती. फरक पडला नाही, कारण खरी मंडळी तिथं नसतातच. स्टार्टअपमधले प्रोग्राम आपण लॉगिन केल्यावर उठतात. सर्व्हिसेस त्याच्याही आधी, पडद्यावर काही न दाखवता, पुष्कळदा आपल्यापेक्षा जास्त अधिकार घेऊन चालू होतात. मग 'एमएसकॉन्फिग' उघडून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवल्या आणि उरलेली यादी वाचत बसलो. विकून टाकलेल्या प्रिंटरची शाई किती उरली हे पाहणारी एक सर्व्हिस. त्याच प्रिंटरचे अपडेट शोधणारी दुसरी. वेबकॅमची एक, आणि माउसच्या चक्क दोन. यूएसबीचा साधा माउस विंडोज ९८ पासून कंपनीच्या सॉफ्टवेअरविना चालतो. कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं ते जादा बटणांना वेगळी कामं द्यायला आणि रंगीत दिवे चमकवायला. माझ्या माउसला दिवाच नाही.

अंगठ्याच्या मशीनचं मात्र उलट. तिची सर्व्हिस बंद केली तर दुकानच बंद. २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानं नोंदणीकृत उपकरणांची पद्धत आणली. तेव्हापासून बोटाचा ठसा उघडा पुढे जात नाही. मशीनच्या 'आरडी सर्व्हिस'मधून सांकेतिक होऊन, डिजिटल सहीसह जातो. पोर्टल ही सर्व्हिस शोधतं कसं? ते आपल्याच कॉम्प्युटरवर १११०० ते १११२० या पोर्टांवर, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या क्रमांकाच्या दारांवर, ओळीनं विचारत जातं, इथं आरडी सर्व्हिस आहे का? उत्तर येतं 'रेडी' किंवा 'नॉट रेडी'. माझ्याकडे जुन्या आणि नव्या, दोन्ही मशिनींच्या सर्व्हिसेस एकाच वेळी जाग्या असायच्या. १११०० वर जुनी बसलेली, आणि तिची मशीन कपाटात. ती इमानदारीनं 'नॉट रेडी' सांगायची, आणि एखादं पोर्टल तेवढ्यावरच परत फिरायचं. पुढच्या पोर्टावर नवी मशीन तयार आहे, हे ते बघतच नसे.

हे मला कळलं ते एका आजींमुळे. आमच्या भागात जन्मभर निंदण-वेचणी केलेल्या बायांच्या बोटांच्या रेषा खरंच झिजतात. त्यामुळे 'अंगठा लागत नाही' असं म्हटलं की कोणी वाद घालत नाही. आजींनी बोट आधी डोक्याला घासलं, मग पदराला, मग ओल्या रुमालाला. शेवटी म्हणाल्या, "माह्याच बोटात खोट हाये का रे बाबू?" मी मशीनकडे पाहिलं. काचेखालचा दिवा लागलेलाच नव्हता. मशीननं बोट मागितलंच नाही, तर बोट नापास कसं झालं? जुनी सर्व्हिस थांबवली, पान पुन्हा उघडलं, दिवा लागला, आणि त्याच बोटानं केवायसी झाली. आजी उठताना मशीनला दोन शब्द सुनावून गेल्या. ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

त्यानंतर मी यादीला हात घातला. रीत साधी ठेवली: एका वेळी एकच सर्व्हिस, आणि तीही एकदम 'डिसेबल्ड' नाही, आधी 'मॅन्युअल'. म्हणजे खरंच कोणाला लागली तर ती उठू शकते. मूळ सेटिंग वहीत लिहायचं, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा, एक प्रिंट, एक स्कॅन, एक अंगठा घेऊन पाहायचं, मगच पुढची. 'प्रिंट स्पूलर'ला हात लावला नाही, त्याच्याशिवाय कागद निघत नाही. स्कॅनरसाठी लागणारी विंडोजची 'इमेज अ‍ॅक्विझिशन' सर्व्हिसही ठेवली. काही चिवट निघाल्या. बंद केलेली सर्व्हिस दुसऱ्या सकाळी चालूच. टास्क शेड्युलरमध्ये त्यांना उठवणारी वेगळी नोंद असते, ती काढावी लागली. ज्या वस्तू दुकानात राहिल्याच नव्हत्या त्यांचं सॉफ्टवेअर मात्र सरळ अनइन्स्टॉल केलं. तिथं दयामाया कशाला?

प्रश्न फक्त वेगाचा नाही. डिसेंबर २०१८ मध्ये गूगलचे संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी लॉजिटेकच्या माउस-कीबोर्डसोबतच्या 'ऑप्शन्स' या प्रोग्राममधली त्रुटी जाहीर केली. तो मागे राहून असं दार उघडं ठेवत होता की कोणतीही वेबसाइट त्याला आज्ञा देऊ शकत होती. ऑगस्ट २०२१ मध्ये उघड झालं की रेझरचा माउस नुसता जोडला की विंडोज त्याचा इन्स्टॉलर सर्वोच्च अधिकारानं चालवतं, आणि त्यातून अख्ख्या कॉम्प्युटरचा ताबा घेता येतो. दोन्ही कंपन्यांनी नंतर दुरुस्ती केली. त्याच वर्षी जुलैत प्रिंट स्पूलरमधल्या 'प्रिंटनाइटमेअर' या त्रुटीमुळे, जिथं छपाईची गरज नाही तिथं स्पूलर बंद ठेवा असा मार्ग मायक्रोसॉफ्टलाच सुचवावा लागला. माझ्यासारख्याच्या कॉम्प्युटरवर तर गावाचे आधार नंबर आणि बँक पासबुकांचे स्कॅन असतात. तिथं माउसच्या नावानं कोणी चोवीस तास जागं राहावं, हे मला मान्य नाही.

मशीन तीच आहे, रॅमही तीच. लाइट जाऊन आल्यावर आता लोक चहाला उठायच्या आत पहिला अर्ज भरायला घेता येतो.

तालुक्यातल्या केंद्रचालकांना एवढंच सांगणं आहे. नोव्हेंबरात पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याची गर्दी सुरू होण्याआधी एखाद्या निवांत दुपारी आपल्या कॉम्प्युटरची यादी उघडा, आणि कपाटात पडलेल्या मशीनची आरडी सर्व्हिस आधी काढा. अंगठा लागत नसेल, तर म्हाताऱ्या माणसाला हात धुवायला पाठवण्याआधी काचेखालचा दिवा लागला आहे का ते पाहा.