सोळावी मात्रा

आजोबांच्या मागे त्यांची बंदिशींची वही राहिली. पाने झिजू लागली, म्हणून मी संगणकावर छोटासा प्रोग्राम लिहिला. आपण साधी अक्षरे टंकावीत, त्याने पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीने स्वरलिपी मांडावी: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र स्वराखाली बिंदू, तार स्वरावर बिंदू. त्रितालाच्या १६ मात्राही तोच मोजी.

एका ओळीत मात्र १५ च भरल्या. रात्रभर प्रोग्राम तपासला, चूक सापडेना. सकाळी आजीला ओळ वाचून दाखवली. ती गुणगुणली नि गंधारावर रेंगाळली. म्हणाली, "इथं ते असेच थांबायचे."

स्वर लांबवण्याची रेघ आजोबांनी लिहिलीच नव्हती. मी ती टंकली. सम जागेवर आली.